मदत हवी आहे : धर्म न विचारता सणांच्या सुट्ट्या कशा ठरवाव्यात?

नमस्कार मंडळी,

पुण्यातील एका अभियांत्रिकी सल्लागार कार्यालयात मी प्रशासन आणि एचआरचे काम पाहते. आम्ही ६२ जण आहोत. पुढील वर्षाच्या सुट्ट्यांची यादी डिसेंबरअखेर लावायची असून त्यासाठी अनुभवी सदस्यांचा सल्ला हवा आहे.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार वर्षाला आठ पगारी सुट्ट्या द्याव्या लागतात. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी सहमतीने ठरवायच्या असतात. आमच्याकडे ही सहमती कधी विचारलीच गेली नाही. गणेश चतुर्थी, दसरा आणि दिवाळीचे दोन दिवस अशी यादी दरवर्षी जुन्या फाइलमधून उतरवली जाते, आणि गेली तीन वर्षे ती मीच उतरवत आले आहे.

आमचे एक सहकारी दरवर्षी ६ डिसेंबरला नैमित्तिक रजा घेतात आणि अर्जात कारण म्हणून 'घरगुती काम' लिहितात. ते सहकुटुंब दादरला चैत्यभूमीवर जातात, हे मला अलीकडे सहज बोलण्यातून कळले. तसे अर्जात का लिहीत नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले, "लिहिलं की पुढचे प्रश्न येतात, मॅडम." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. रजा मंजूर होत होती, पण कारण लपवावेसे वाटणे हे माझ्या मते आमच्या कार्यालयाचे अपयश आहे. याच वर्षी रमजान ईदच्या सकाळी ग्राहकासोबतची बैठक ठेवली गेली आणि एक सहकारी नमाज आटोपून, घरच्यांना न भेटता, थेट तिथे आली. गुड फ्रायडेला तर ग्रुपवर शुभेच्छांचा संदेश माझ्याच हातून गेला. तो दिवस दुःखाचा असतो, हे मला माहीत असायला हवे होते.

केंद्र सरकारच्या कार्यालयांत कर्मचाऱ्याला एका मोठ्या यादीतून आपल्या पसंतीच्या दोन मर्यादित सुट्ट्या घेता येतात. त्याच धर्तीवर चारपैकी दोन सुट्ट्या सर्वांना सारख्या ठेवून दोन ज्याच्या त्याच्या निवडीवर सोडाव्यात, असा माझा विचार आहे. वैयक्तिक निवडीची अशी तरतूद सर्वांच्या लेखी संमतीने केली, तर ती अधिनियमातील सहमतीत बसते का, हे कामगार कायद्याच्या जाणकारांनी कृपया सांगावे.

मात्र माझी खरी अडचण विचारण्याची आहे. 'तुम्ही कोणते सण पाळता?' असा तक्ता फिरवला, तर तो धर्माची नोंद केल्यासारखाच होईल, आणि जे आज कारण लपवतात त्यांना तो अधिकच अवघडून टाकेल. त्याऐवजी बुद्धपौर्णिमा, संवत्सरी, पारशी नववर्ष, गुरुनानक जयंती, नाताळ, दोन्ही ईद असे सर्व दिवस आधीच छापून, कारण न विचारता, कोणालाही कोणतेही दोन घेऊ द्यावेत का? तारखेऐवजी सणाचे नाव लिहून घेणे मला योग्य वाटते. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या, तेव्हा ईदची मिरवणूक पुढे गेली आणि राज्य शासनाने २९ तारखेला सुट्टी दिली. ईदची तारीख तर चंद्रदर्शनावर ठरते.

दुसरा प्रश्न वर्गणीचा आहे. कार्यालयात दीड दिवसाचा गणपती बसतो. तो मलाही प्रिय आहे आणि तो बंद व्हावा असे मुळीच वाटत नाही. पण कोणी किती दिले, याचा कागद फलकावर लागतो, त्यामुळे ज्यांना द्यायचे नसते तेही मुकाट्याने देतात. हा कागद आपण कोणी, जुन्या मंडळींना न दुखावता, बंद केला आहे का? त्या वेळी नेमके काय सांगितले होते?

निवडीच्या अर्जाचा नमुना कोणाकडे असल्यास, कार्यालयाचे नाव काढून, येथे द्यावा. आमची बैठक १५ डिसेंबरला आहे.