काळ्या दिनाच्या फेरीचं शूटिंग: कायदा कुणाला बांधतो?

टिळकवाडीकर: बेळगाव महाराष्ट्राऐवजी कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ निघणाऱ्या १ नोव्हेंबरच्या फेरीत पोलिसांचा कॅमेरावाला कडेनं चालत एकेक चेहरा टिपत होता. माझ्या शेजारच्या काकांनी टोपी पुढं ओढली, तर गड्यानं वाकून खालनं घेतलं. कॅमेऱ्याला माझी ना नाही. पण ते फुटेज ठेवतात किती दिवस, बघतं कोण, याचा हिशेब नको? २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवलाय.

खडेबाजारवाला: भर रस्त्यात घोषणा द्यायच्या आणि तोंड मात्र दिसायला नको? गर्दीत पाकीट गेलं की हीच माणसं दुकानात येतात, "मालक, जरा फुटेज दाखवा की." कर नाही त्याला डर कशाला!

खानापूरची वकील: दादा, पाकीटमार शोधायला कुणाची हरकत आहे? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा वाचा. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुख्य तरतुदींना वर १८ महिन्यांची मुदत. त्यातही गुन्ह्याचा तपास म्हटलं की बहुतेक अटी ढिल्या, आणि केंद्रानं अधिसूचित केलेल्या सरकारी यंत्रणांना तर कायद्यातून सूटच. फोन टॅपिंगचं तेच. गृहसचिवांचा आदेश एका वेळी ६० दिवस, वाढवत १८० पर्यंत. तपासणारी समितीही सचिवांचीच, न्यायाधीश कुठंच नाही.

निपाणीकर: आणि टॅपिंग फक्त गुन्हेगारांचं होतं म्हणणाऱ्यांनी १९८८ आठवावं. विरोधकांचे आणि स्वपक्षीयांचेही फोन ऐकल्याच्या आरोपावरून याच राज्यात रामकृष्ण हेगडेंना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं.

खडेबाजारवाला: म्हणजे माझ्या दुकानाचं फुटेज बाहेर गेलं तर या कायद्यानं दंड मला, आणि पोलिसांना मोकळीक? हे मात्र बरं नाही. तरी कॅमेरे काढा म्हणाल तर माझा विरोधच. रात्री शटर तुम्ही राखणार काय?

सीमावासी: महाराष्ट्रात गेलो असतो तर ही वेळच आली नसती.

निपाणीकर: कायदा केंद्राचा आहे हो. कोल्हापुरातही हाच.

टिळकवाडीकर: काढा कोण म्हणतंय? फुटेज कधी पुसतात, एवढं माहिती अधिकारात विचारतो. अर्ज मराठीतनं घेतील काय?

खानापूरची वकील: इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, एवढंच कायद्यात आहे. मी कन्नडमध्ये लिहून देते. अर्जावर नाव-पत्ता पुरे, कशाला हवंय ते सांगायची गरज नाही.

खडेबाजारवाला: नाव-पत्ता? तो त्यांच्याकडे कॅमेऱ्यात असेलच की.