मदत हवी आहे : विमानतळावर सासू-सासऱ्यांना सोडलं, आता 80 पौंडांचं पत्र आलंय (यूके)

दमलेला_जावई – 3 नोव्हेंबर 2025, रात्री 11.40

लंडनमधल्या जाणत्यांनो, पटकन सांगा, डोकं फिरलंय. सासू-सासऱ्यांना पुण्याला जायचं होतं म्हणून विमानतळावर सोडायला गेलो होतो. आज घरी पत्र. 80 पौंड भरा, 14 दिवसांत भरलेत तर 40. सोबत गाडीचा फोटो, नंबर प्लेट लख्ख दिसतेय. जेमतेम चार मिनिटं थांबलो होतो, त्यातली दोन सासऱ्यांनी बॅगेची दोरी पुन्हा बांधण्यात घालवली. भरायचे की नाही? शुक्रवारी कामासाठी बाहेर जातोय, त्याआधी विषय संपवायचा आहे. पत्र पाठवणाऱ्या कंपनीला मेल केलाय, उत्तर नाही.

पिनरची_काकू – 3 नोव्हेंबर, रात्री 11.58

असं अर्धवट सांगून कसं चालेल? कुठला विमानतळ? तारीख कोणती? गाडी स्वतःची की लीजवर? आणि मुख्य म्हणजे पत्राच्या वर काय छापलंय, पेनल्टी चार्ज नोटीस की पार्किंग चार्ज नोटीस? दोन्हीला सगळे पीसीएनच म्हणतात आणि तिथेच फसतात. पेनल्टी म्हणजे काउन्सिल किंवा टीएफएल (लंडनची सरकारी वाहतूक संस्था), तो कायद्याने लावलेला दंड. पार्किंग चार्ज म्हणजे खासगी कंपनीचं बिल, 'तुम्ही आमच्या जागेत आलात म्हणजे पाटीवरच्या अटी मान्य केल्यात' या हिशोबाने पाठवलेलं. दोघांशी भांडायच्या तऱ्हा वेगळ्या.

बुलढाण्याचा_बापू – 4 नोव्हेंबर, सकाळी 6.15

खासगी असेल तर फाडून टाक. मी 2009 साली लेस्टरला सुपरमार्केटच्या पार्किंगचं असंच पत्र फाडलं होतं. पाच पत्रं आली, पाचही फाडली. काही झालं नाही.

स्लाउचा_सागर – 4 नोव्हेंबर, सकाळी 7.02

बापू, 2009 चा सल्ला 2025 मध्ये वाटू नका हो. 1 ऑक्टोबर 2012 पासून इंग्लंड-वेल्समध्ये कायदा बदलला. खासगी जागेत गाडीच्या चाकाला जबडा लावायला बंदी आली, आणि त्या बदल्यात कंपन्यांना दुसरं हत्यार मिळालं. गाडी कोण चालवत होतं ते कळलं नाही, तर ठरलेल्या मुदतीत नीट नोटीस पाठवून ते ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याकडे पैसे मागू शकतात. पत्ता डीव्हीएलएकडून (गाड्यांची नोंदणी ठेवणारं सरकारी खातं) मिळतो, एका चौकशीचे अडीच पौंड.

वर 2015 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कात दोन तास फुकट होते, बीव्हिस नावाचा माणूस 56 मिनिटं जास्त थांबला. 85 पौंड मागितले, तो सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि हरला. 'हा दंड अवाजवी आहे' एवढ्या एका मुद्द्यावर आता कोणी जिंकत नाही.

बुलढाण्याचा_बापू – 4 नोव्हेंबर, सकाळी 7.10

तो लढला म्हणून हरला. मी लढलोच नाही.

रेडिंगची_राधा – 4 नोव्हेंबर, सकाळी 8.30

बापूंचं ऐकू नका, कळकळीने सांगते. आम्ही हाउन्सलोहून रेडिंगला आलो तेव्हा गाडीच्या लॉगबुकवरचा (नोंदणीच्या कागदावरचा) पत्ता बदलायचा राहिला. एका दुकानाच्या पार्किंगची पत्रं जुन्या घरी जात राहिली, मग वसुलीवाल्यांची, मग कोर्टाची. आम्हाला पत्ताच नाही! आम्ही उत्तर दिलं नाही म्हणून एकतर्फी निकाल लागला. निकालाची रक्कम महिन्याच्या आत भरली तर नोंद पुसली जाते, नाहीतर सहा वर्षं क्रेडिट फाइलवर बसते. घराच्या कर्जाला अर्ज केला तेव्हा हे उजेडात आलं. ते निस्तरायला जे काय केलंय ते माझं मला माहीत.

एवढंच लक्षात ठेवा : वसुली एजन्सीचं पत्र कितीही लाल अक्षरांत असलं तरी तो नुसता कागद असतो, त्यांना दारात येऊन काही उचलता येत नाही. पण कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर एक दिवसही वाया घालवू नका.

यूलेझ_योद्धा – 4 नोव्हेंबर, सकाळी 9.05

यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा लंडनचा आकार) भरलंस का? 29 ऑगस्ट 2023 पासून लंडनचे सगळे बरो त्यात आहेत. गाडी प्रदूषणाच्या नियमात बसत नसेल तर दिवसाला 12.50, नाही भरलं तर 180 चा दंड. मी यावर आधी सविस्तर धागा काढला होता, शोधून वाच.

दमलेला_जावई – 4 नोव्हेंबर, दुपारी 1.20

बापरे, एवढे प्रतिसाद. एकेक सांगतो. पत्रावर पार्किंग चार्ज नोटीस लिहिलंय. गाडी माझीच, लीज नाही. सोडलं त्याची तारीख 22 ऑक्टोबर. पत्ता बरोबर आहे. विमानतळ लंडनच्या आसपासचाच, नाव लिहीत नाही, मागे एकाचा धागा संपादकांनी त्यावरूनच उडवला होता. यूलेझचा काही संबंध नाही, गाडी 2020 ची पेट्रोल आहे.

आता भरायचे की नाही ते सांगा ना कोणीतरी.

स्लाउचा_सागर – 4 नोव्हेंबर, दुपारी 1.35

थांब, भरू नकोस. विमानतळाची बरीचशी जमीन बायलॉजखाली (त्या जागेपुरत्या खास कायदेशीर नियमांखाली) येते. मी वर सांगितला तो गाडीमालकाला धरण्याचा 2012 चा नियम अशा जमिनीला लागूच होत नाही. म्हणजे तिथे पैसे मागायचे तर फक्त चालवणाऱ्याकडे, आणि चालवणारा कोण हे त्यांना फोटोवरून कळत नाही. तू फक्त 'या गाडीची नोंदणी माझ्या नावावर आहे' एवढंच लिही. कोण चालवत होतं ते चुकूनही सांगू नकोस. 'मी थांबलो', 'मी गेलो' असं काही नको. कंपनीने अपील फेटाळलं तर पॉप्लाकडे (खासगी पार्किंगची अपिलं ऐकणारी स्वतंत्र संस्था) जा, तिथे हा मुद्दा चालतो.

दमलेला_जावई – 4 नोव्हेंबर, दुपारी 1.41

मेलमध्ये लिहिलंय की मी माझ्या सासू-सासऱ्यांना सोडायला आलो होतो आणि चारच मिनिटं थांबलो.

स्लाउचा_सागर – 4 नोव्हेंबर, दुपारी 1.42

अरे देवा.

पिनरची_काकू – 4 नोव्हेंबर, दुपारी 2.10

खरं बोलला बिचारा, त्यात काय चुकलं? सागर, तुमचं ते 'कोण चालवत होतं सांगू नका' मला कधीच पटलेलं नाही. सेवा वापरली तर पैसे द्यावेत.

स्लाउचा_सागर – 4 नोव्हेंबर, दुपारी 2.25

काकू, मी खोटं बोल म्हणालो नाही, न विचारलेलं सांगू नकोस म्हणालो. दोन्हीत फरक आहे. आणि सेवा कसली? रस्त्याच्या कडेला दार उघडायचे सहा पौंड? हीथ्रोने हे प्रवासी सोडायला येणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणं 2021 च्या नोव्हेंबरात पाच पौंडांवर सुरू केलं, यंदा जानेवारीपासून सहा. फाटक नाही, पावती देणारा माणूस नाही, नुसते कॅमेरे. भरायची आठवण तुम्हीच ठेवायची, दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत. नवखा माणूस विसरणारच. तो विसरावा म्हणूनच तशी रचना केलीय असं माझं स्पष्ट मत आहे.

विलेपार्ले_टू_वेम्बली – 4 नोव्हेंबर, दुपारी 3.00

मुळात गाडी नेतातच कशाला? हॅरोहून एसएल9 बस थेट हीथ्रो सेंट्रलला जाते, पावणेदोन पौंड. नाहीतर ट्यूबची (भुयारी रेल्वेची) पिकॅडिली लाइन. फक्त एलिझाबेथ लाइन या दुसऱ्या रेल्वेच्या मोहात पडू नका. झोन एकपासून (मध्य लंडन) पिकॅडिलीने 5.80, एलिझाबेथने 13.90. थोडा वेळ वाचवायला दुपटीहून जास्त पैसे.

रेडिंगची_राधा – 4 नोव्हेंबर, दुपारी 3.12

23-23 किलोच्या चार बॅगा आणि गुडघे धरून चालणाऱ्या सासूबाई घेऊन पिकॅडिलीचे जिने तुम्ही चढून दाखवा.

विलेपार्ले_टू_वेम्बली – 4 नोव्हेंबर, दुपारी 3.30

हीथ्रोच्या तिन्ही ट्यूब स्टेशनांवर लिफ्ट आहेत, ताई. जिने चढायची वेळ आलीच तर ती आपल्या टोकाला. आणि पिकॅडिलीतही लूट आहेच. सप्टेंबर 2022 पासून हीथ्रो ते झोन एक दिवसभर पीकचंच (गर्दीच्या वेळचं) भाडं लागतं, रविवारी पहाटे गेलात तरी. एलिझाबेथ महाग असण्याचं कारण वेगळं. मुख्य मार्गावरून विमानतळाकडे वळणारा फाटा विमानतळ कंपनीने स्वतः बांधलेला, तिच्या मालकीचा. क्रॉसरेल (एलिझाबेथ लाइनचं आधीचं नाव) यायच्या आधीच या फाट्याच्या भाड्यावरून वाद होऊन हायकोर्टापर्यंत गेला होता. 2017 मध्ये विमानतळ हरला, तरी प्रवाशाला तिकीट काही स्वस्त मिळालं नाही.

सिडनीचा_सदू – 4 नोव्हेंबर, दुपारी 3.45

तुम्ही 13.90 ला रडताय? आमच्याकडे विमानतळाच्या दोन्ही स्टेशनांवर तिकिटाशिवाय वेगळी 'स्टेशन अॅक्सेस फी' आहे, 17 डॉलरच्या वर. आत जाताना आणि बाहेर येतानाही. ही स्टेशनं खासगी भागीदारीत बांधली, त्याचं हे व्याज. पुढच्या मॅस्कॉट स्टेशनची हीच फी सरकारने 2011 मध्ये काढली. त्यामुळे डोमेस्टिकवर उतरलेली, फक्त पाठीवर सॅक असलेली पोरं मॅस्कॉटपर्यंत चालत जातात. मीही जायचो, लग्नाआधी.

बर्फातला_बाळ्या – 4 नोव्हेंबर, संध्याकाळी 5.20

व्हॅन्कूव्हरलाही 2010 पासून विमानतळाच्या कॅनडा लाइन या मेट्रोवर पाच डॉलर जास्तीचे. पण गंमत म्हणजे फक्त विमानतळावरून शहरात येताना. जाताना नाही. म्हणजे पाहुणा आला की पैसे, गेला की सुटका. यजमानाच्या मनातलं ओळखून बनवलेला नियम वाटतो.

अंधेरी_पूर्व – 4 नोव्हेंबर, संध्याकाळी 5.50

मुंबईत या. मेट्रो तीनने विमानतळाच्या टी2 (टर्मिनल दोन) पासून थेट कफ परेड. गेल्या महिन्यात शेवटचा टप्पाही सुरू झाला. सगळ्यात लांबचं तिकीट 70 रुपये, विमानतळाचा वेगळा आकार नाही.

पिनरची_काकू – 4 नोव्हेंबर, संध्याकाळी 6.05

मंडळी, मुलाचा धागा आहे. जावईबापू, मला एक सांगा, तुम्ही ते सोडण्याचे पैसे भरलेच नाहीत, की उशिरा भरलेत? उशिरा म्हणजे किती?

दमलेला_जावई – 4 नोव्हेंबर, संध्याकाळी 7.15

भरले होते की! त्याच संध्याकाळी, फोनवरून. सासरेबुवा 'सहा पौंड म्हणजे सातशे रुपये, नुसतं उतरवायला?' म्हणून वाटभर बडबडत होते, म्हणून तर विसरणं शक्यच नव्हतं. म्हणूनच चिडलोय ना.

स्लाउचा_सागर – 4 नोव्हेंबर, संध्याकाळी 7.16

भरले होते???

रेडिंगची_राधा – 4 नोव्हेंबर, संध्याकाळी 7.18

हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं हो!

दमलेला_जावई – 4 नोव्हेंबर, संध्याकाळी 7.22

मला वाटलं ते उघडच आहे. पैसे भरूनही मागतायत म्हणून तर धागा काढला.

पिनरची_काकू – 4 नोव्हेंबर, संध्याकाळी 7.30

पावतीचा मेल असेल. तो उघडा आणि त्यातला गाडीचा नंबर पत्रावरच्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून बघा. पूर्ण नंबर इथे टाकू नका मात्र.

दमलेला_जावई – 4 नोव्हेंबर, रात्री 8.04

सापडलं. माझी प्लेट '70' ची आहे. पावतीवर सात आणि त्यापुढे शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर आहे. दहा वेळा बघूनही कळत नव्हतं, बायकोने फोन मोठा करून दाखवला. म्हणजे मी दुसऱ्याच गाडीचे पैसे भरले? अस्तित्वात नसलेल्या?

पिनरची_काकू – 4 नोव्हेंबर, रात्री 8.20

हो, तेच. आणि आता तुमचं काम सोपं झालं. याला कीइंग एरर म्हणतात. या कंपन्या ज्या संघटनांच्या सदस्य असतात त्यांच्या आचारसंहितेतच लिहिलंय : एखादं अक्षर चुकलं, शून्याच्या जागी ओ पडला, अशी किरकोळ चूक असेल आणि पैसे भरल्याचं दिसत असेल तर अपिलात नोटीस रद्द करायची. मोठी चूक, म्हणजे भलत्याच गाडीचा नंबर वगैरे, असेल तर 80 ऐवजी 20 पौंडांवर आणायची. तुमची पहिल्या प्रकारातली.

असं करा. तो रागाचा मेल म्हणजे अपील नव्हे, तो विसरा. पत्रावर अपिलाची वेबसाइट आणि रेफरन्स नंबर असेल. नोटिशीपासून 28 दिवस असतात, पण तुम्ही 14 च्या आतच करा, म्हणजे फेटाळलं तरी 40 ची सवलत पुन्हा मिळते. चार ओळी पुरेत : अमुक दिवशी इतके वाजता पैसे भरले, पावती जोडली आहे, नंबर लिहिताना शून्याऐवजी ओ पडला, या गाडीचंच पेमेंट आहे, नोटीस रद्द करावी. बँक स्टेटमेंटमधली ती एक ओळ जोडा, बाकीची काळी करून. चार मिनिटं, सासरे, दोरी यातलं काहीही लिहू नका.

स्लाउचा_सागर – 4 नोव्हेंबर, रात्री 8.31

काकूंशी सहमत (आज पहिल्यांदा). आता तू चालवत होतास हे सांगितल्याने काही बिघडत नाही, कारण पैसे भरलेत हाच मुद्दा आहे. सबमिट केल्यावर जो मेसेज दिसतो त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेव. आणि पुढच्या वेळी ऑटोपे लाव, प्लेट एकदाच नीट टाकायची. किंवा हीथ्रो असेल तर लाँग स्टे पार्किंगला सोड, तिथे अर्ध्या तासाच्या आत फुकट आणि टर्मिनलला फुकट बस.

रेडिंगची_राधा – 4 नोव्हेंबर, रात्री 8.40

फुकट बसमध्ये चार बॅगा आणि सासूबाईंचे गुडघे.

यूलेझ_योद्धा – 4 नोव्हेंबर, रात्री 9.15

प्लेट चुकवून टाकायची सवय असेल तर यूलेझच्या वेळी पण तपासा. तिथे आचारसंहिता वगैरे नसते.

दमलेला_जावई – 21 नोव्हेंबर, रात्री 10.05

अपडेट. काकूंनी सांगितल्या तशा चार ओळी त्याच रात्री पाठवल्या. काल उत्तर आलं : नोटीस रद्द, 'या वेळी सौजन्य म्हणून'. सौजन्य कसलं, पैसे भरले होते मी. पहिल्या मेलचं उत्तर अजून आलेलं नाही. काकू, वेम्बलीला आलात की मिसळ माझ्याकडून. सासऱ्यांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, शून्य आणि ओ सारखेच दिसतात हे मी तुला तेव्हाच म्हणणार होतो.

बुलढाण्याचा_बापू – 22 नोव्हेंबर, सकाळी 6.20

एवढी उठाठेव करण्यापेक्षा फाडलं असतंस तर पहिल्याच दिवशी मोकळा झाला असतास.

दमलेला_जावई – 22 नोव्हेंबर, सकाळी 7.45

बापू, फाडलं असतं तर रेफरन्स नंबर कुठून आणला असता?