लाइफ जॅकेट अंगावर की डेकवर? कयाकवाल्यांनो, मत सांगा

वेण्णाकाठ (सातारा)
कयाक (दोन्ही टोकांच्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) चालवणाऱ्यांचा आमचा सहा जणांचा गट आहे. सराव बामणोलीहून शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, वर्षातून दोनदा मालवणला समुद्रात. जानेवारीत तिथून परतल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

सकाळी साडेसहाला निघालो. मतलई वारा होता, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे ढकलणारा. गटातल्या सगळ्यात मुरलेल्या माणसाने जॅकेट डेकवरच्या, म्हणजे कयाकच्या वरच्या भागावरच्या, रबरी दोरीखाली अडकवलं होतं. म्हणाला, "लागलं तर घालीन." किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर, खडकावर आपटून परत फिरलेल्या लाटेने तो उलटला. स्कर्ट (बसायच्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती लावायचं कापड) ओढून बाहेर आला, पण कयाक हातातून सुटली. रिकामी कयाक वाऱ्यावर माणसाच्या पोहण्यापेक्षा जोरात पळते, आणि जॅकेट तिच्यावरच होतं.

मैत्रीण त्याच्यापाशी थांबली, मी कयाक ओढून आणली. मग त्याने पाण्यातच जॅकेट घालायला घेतलं. एका हाताने कयाक धरायची, दुसऱ्याने पट्टा शोधायचा, आणि जॅकेट वर सरकून हनुवटीला अडकतंय. बकल चार वेळा हुकलं. वीस वर्षं पोहणाऱ्या माणसाची बोटं थरथरत होती.

माझं म्हणणं एवढंच: जॅकेट अंगावर नसेल त्याने गटासोबत निघू नये. अनुभव कितीही असो.

हरिपूरकर (सांगली)
ताई, राग मानू नका, पण मूळ दुखणं वेगळं आहे. आम्ही कृष्णेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. डबा होता तोवर पाणी कळलंच नाही. वस्तादांनी तो सोडला तेव्हा कळलं. आज एकदाही उलटून बाहेर पडायचा सराव न केलेली पोरं जॅकेटच्या भरवशावर थेट समुद्रात उतरतात. तुमच्या माणसाची चूक म्हणजे त्याने मतलई वाऱ्यात कयाक सोडली. सक्ती करायचीच तर पॅडल फ्लोट (वल्ह्याच्या टोकाला लावायचा तरंगणारा फुगा) लावून एकट्याने परत चढायची करा, आत भरलेलं पाणी पंपाने काढून दाखवायची करा. जॅकेट सगळ्यांना विकत मिळतं, हे मिळत नाही.

वेण्णाकाठ
सराव हवाच, त्यात दुमत नाही. पण दादा, तुमचा डबा सुटला तेव्हा वस्ताद काठावर उभे होते. आमचा काठ अर्धा किलोमीटर मागे होता.

तापोळ्याचा
शिट्टी जॅकेटलाच बांधलेली असते, हे कोणी बोललं नाही. जॅकेट गेलं की तीही गेली. आमच्याकडे दुपारी वारा उठला की शेजारच्या बोटीतली हाक ऐकू येत नाही.

मिरजवाली
कयाकसाठी आपण घेतो ती जॅकेटं बहुतेक 50 न्यूटनची. शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला तरंगायला मदत, एवढंच त्यांचं काम. डोक्याला खडक लागून शुद्ध हरपली तर ती तोंड पाण्याबाहेर फिरवतीलच असं नाही. त्यामुळे जॅकेट आहे म्हणून खडकांजवळ जाणारे चुकतातच, हरिपूरकरांचं तेवढं मला पटतं. पण म्हणून ते काढून ठेवणं? ते अजिबात नाही पटत.

पलूस तालुका
8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. 17 जण गेले. नदीकाठचीच माणसं होती ती. त्या आठवड्यानंतर "मला पोहता येतं" हे वाक्य माझ्या कानाला सहन होत नाही.

हरिपूरकर
ब्रह्मनाळवर मी वाद घालणार नाही. ते दिवस आम्हीही बघितलेत. समुद्रात घालीन, पुरात घालीन. पण एप्रिलच्या उन्हात, छातीभर पाण्यात, माझ्या घाटावर कोणी सक्ती करू नये. तिथे माझं मत बदलणार नाही.

वेण्णाकाठ
छातीभर पाण्यात माझीही सक्ती नाही. समुद्रासाठी तुमची अट आम्ही उचलतो: पुढच्या मालवणच्या आधी बामणोलीला सगळे उलटणार आणि एकट्याने परत चढणार. जॅकेट घालून.