विल्ड फॉन होहेनबॉर्नला युद्धमंत्रिपदावरून काढणं योग्य होतं का?

मूळ मुद्दा

जनरल विल्ड फॉन होहेनबॉर्न पहिल्या महायुद्धात, जानेवारी १९१५ ते ऑक्टोबर १९१६, प्रशियाचा (जर्मन साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या राज्याचा) युद्धमंत्री होता. दारूगोळा पुरवता आला नाही म्हणून त्याला घालवलं, हे ऑगस्ट १९१६च्या अखेरीस जर्मन सैन्याची सूत्रं हाती घेतलेल्या हिंडेनबुर्ग-लुडेनडोर्फ या सेनानींच्या गोटाचं म्हणणं टिकून राहिलं. मला तो अन्याय वाटतो.

त्याच्या खात्याचा हिशोब तोफेच्या दारूपासून सुरू व्हायचा. दारू किती टन निघेल ते आधी बघायचं, मग त्या बेताने गोळे आणि तोफा मागवायच्या. ब्रिटिश नाकेबंदीमुळे चिलीचा सोरा, म्हणजे दारूला लागणारं खनिज नायट्रेट, बंद. नायट्रेट हवेतल्या नायट्रोजनपासून बनवायचं, आणि तसे कारखाने उभे राहायला महिनोन् महिने लागत. महिन्याला ६,००० टनांवरून १०,००० टनांवर जायचं खात्याने ठरवलं होतं. ३१ ऑगस्ट १९१६ला हिंडेनबुर्गचं पत्र आलं: येत्या वसंतापर्यंत दारूगोळा दुप्पट, तोफा आणि मशिनगन तिप्पट! दारूचं लक्ष्य १२,००० टनांवर गेलं. मग पोलाद, कोळसा आणि रेल्वेच्या वाघिणी नव्या कारखान्यांच्या बांधकामातच अडकल्या, हिवाळ्यात रेल्वे तुंबली आणि कित्येक बांधकामं अर्धवट सोडावी लागली.

प्रतिसाद १

हिशोब बरोबर असेल, पण मंत्री जागेवर नव्हता. तो बहुतेक काळ सेनाप्रमुख फाल्केनहाइनजवळ मुख्यालयात. बर्लिनचा कारभार उपमंत्री फॉन वांडेलवर. फाल्केनहाइनकडे आधी सेनाप्रमुखपद आणि मंत्रिपद दोन्ही होती, ती वेगळी करायची म्हणून तर याला नेमलं. वेगळेपण दिसलं कुठे? मंत्री लांब म्हटल्यावर कारखानदार आपली गाऱ्हाणी थेट सेनेच्या वरिष्ठांकडे नेणारच. २९ ऑगस्टला फाल्केनहाइन गेला, बरोबर दोन महिन्यांनी हाही गेला.

मूळ लेखक

बर्लिनमध्ये बसून तरी त्याच्या हातात काय होतं? देशाचे लष्करी जिल्हे पाडलेले, प्रत्येकाचा उपसेनापती थेट कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, जबाबदार. कुशल कामगार आघाडीवरून सोडवायचा, संप हाताळायचा, सगळं त्यांच्या मर्जीवर. बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्याचं युद्धखातं तर स्वतंत्रच. या उपसेनापतींना हुकूम देण्याचा अधिकार युद्धमंत्र्याला मिळाला डिसेंबर १९१६मध्ये, म्हणजे याच्यानंतर आलेल्या फॉन श्टाइनला.

प्रतिसाद १

अधिकाराचा मुद्दा मान्य. पण तो मागून घ्यायला शाळेपासून कैसरचा मित्र असलेल्या माणसाइतकी चांगली संधी कोणाला होती?

प्रतिसाद २

दोघांनीही ११ ऑक्टोबर १९१६चा आदेश सोडून दिलात. सैन्यातल्या ज्यूंची गणती करा, कोण आघाडीवर आणि कोण पिछाडीला ते कळवा, असं फर्मान याच मंत्र्याने काढलं. ज्यू आघाडी चुकवतात या अफवेला त्यामुळे सरकारी शिक्का मिळाला. निष्कर्ष युद्ध संपेपर्यंत जाहीरच केले नाहीत, त्यामुळे अफवा खोडायची सोयही उरली नाही. त्या युद्धात सुमारे १२,००० जर्मन ज्यू सैनिक मारले गेले. दारूच्या टनांवर तुम्ही खुशाल वाद घाला, पण त्याला अन्यायाचा बळी म्हणायला माझा विरोध आहे.