मदत हवी आहे: कोंडाईबारी घाटासाठी किती एचपीची गाडी घ्यावी?

दोंडाईचेकर:
राम राम मंडळी. धुळे-सुरत रस्त्यावरच्या या घाटासाठी सेकंड हँड दहा टायर गाडी (ट्रक) बघून ठेवली आहे. मालक म्हणतो 180 एचपी आहे, घाट आरामात चढते. आमचा ड्रायव्हर म्हणतो 250 च्या खाली हातच लावू नका. दोघांच्या म्हणण्यात मला पाच लाखांचा फरक पडतोय. घाटाला नेमकी किती ताकद लागते ते कोणीतरी गणित करून सांगा. उद्या सकाळी टोकन द्यायचं आहे.

साक्रीरोड:
वजन किती, चढ किती, कोणत्या वेगाने चढायचं? यातलं काहीच न सांगता एचपी कसे काढणार?

पांझराकाठ:
दादा, लोड किती शे ते सांग ना पहिले.

दोंडाईचेकर:
मका, 16 टन, सुरतेला. घाट सगळ्यांच्या रोजच्या रस्त्यातला आहे. आकडा सांगा ना लवकर.

केळीपट्टा_रावेर:
एचपी बघूच नका, टॉर्क बघा, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर. वीस वर्षं गाड्या चालवतोय, चढावर ओढतो तो टॉर्क.

साक्रीरोड:
भाऊ, टॉर्क गिअर वाढवून देतो, एचपी कुठलाच गिअर वाढवत नाही. गाडी चढेल की नाही हे गिअर ठरवतो. किती वेगाने चढेल ते एचपी ठरवतात.

केळीपट्टा_रावेर:
आणि वळणावर ट्रॅफिकमध्ये थांबून पुन्हा उचलायची वेळ आली की? तेव्हा क्लच कोणाचा जळतो?

साक्रीरोड:
ते मान्य. उचलायला पहिला गिअर आणि टॉर्कच लागतो.

नवापूरवाला:
अहो, सुरतेला जाताना हा घाट उतरायचा आहे! चढ लागतो परत येताना, आमच्या बाजूने. मक्याचं वजन काय कामाचं? परतीला काय भरता?

दोंडाईचेकर:
खत, 19 टन. हे डोक्यातच आलं नाही. रिकामी गाडी 9 टन.

साक्रीरोड:
म्हणजे एकूण 28 टन. चढ 6 टक्के धरतो, म्हणजे 100 मीटरला 6 मीटर उंची. 28000 × 9.81 × 0.06 = साधारण 16500 न्यूटन जोर नुसत्या चढासाठी. टायरचं घर्षण वजनाच्या 1 टक्का धरलं तर आणखी 2750. या वेगाला हवेचा अडथळा नगण्य. मिळून 19250 न्यूटन. ताशी 20 किमी म्हणजे सेकंदाला 5.56 मीटर. गुणाकार 107 किलोवॅट, तोही चाकावर. गिअरबॉक्स आणि हाउसिंगमध्ये (मागच्या चाकांमधल्या गिअरमध्ये) 15 टक्के जातात असं धरलं तर इंजिनला 126 किलोवॅट, म्हणजे 171 एचपी. ताशी 30 ने चढायचं तर 257. तुमचा ड्रायव्हर आणि मालक दोघंही बरोबर आहेत, फक्त वेग वेगळे. वळणावर चढ 10 टक्के भेटला तर 180 वाली ताशी 13 वर येईल.

गिरणाकाठ:
उतरताना न्यूट्रल कधीच करू नका. डिझेल वाचतं म्हणतात, पण ब्रेक तापून फेल होतात. ज्या गिअरने चढायची, त्याच गिअरने उतरवा.

केळीपट्टा_रावेर:
180 एचपी नव्या इंजिनाचे असतात. जुन्याला कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किती उरलंय ते कोणी बघितलं का? रेडिएटर, पंप, टर्बोसुद्धा बघून घ्या.

दोंडाईचेकर:
मालकाला फोन केला. टोकन उद्या देत नाही. परवा 19 टन भरून नवापूरकडून घाट चढवून दाखव म्हटलंय. वीसच्या खाली वेग आला तर सौदा तिथेच मोडणार. तो तयार झालाय.