एमडी पीडियाट्रिक्सनंतर मेडिकल जेनेटिक्स : कोकणात राहून काम करता येईल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी एमडी पीडियाट्रिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर गुहागर तालुक्यात. पुढे डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) मेडिकल जेनेटिक्समध्ये, म्हणजे आनुवंशिक आजारांच्या शाखेत, करावं असं फार मनात आहे, पण घरी कुणालाच ते पटत नाहीये. या क्षेत्रातलं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा.

हे डोक्यात कुठून आलं ते आधी सांगते. गेल्या पावसाळ्यात ओपीडीत सहा वर्षांचा एक मुलगा आला. सारखा पडतो, जिना चढताना कठडा धरतो, एवढीच तक्रार. त्याला जमिनीवर बसवून उठायला सांगितलं, तर आधी ओणवा झाला, मग मांड्यांवर हात टेकत टेकत स्वतःला वर ढकलत उभा राहिला. पोटऱ्या जाड, टणक. ड्युशेनची, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराची, शंका तिथेच आली. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजारोंच्या घरात निघालं. केसपेपरच्या मागे मी वंशावळ काढायला घेतली, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. तोवर गप्प बसलेली त्याची आई हळूच म्हणाली, "माझा भाव पन असाच होता, डाक्टर. बाराव्या वर्षी चालायचा थांबला."

आणि बाहेर बाकावर तिची धाकटी बहीण बसली होती, दोन महिन्यांची गरोदर.

आता आधी मुलाच्या रक्ताची एमएलपीए (जनुकाची तपासणी), त्यात डिलीशन, म्हणजे जनुकाचा गळलेला तुकडा, सापडलं तर तेच मावशीत शोधायचं. ती वाहक (स्वतःला आजार नाही, पण दोष पुढे देऊ शकणारी) निघाली तर प्रत्येक मुलग्याला आजार असण्याची शक्यता 50 टक्के, आणि गर्भाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना घ्यायचा तो साधारण 11 ते 13 आठवड्यांत. हे सगळं त्या दोघींना नीट उलगडून सांगणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. मी मुंबईला फोन करत, पुस्तकं उघडत जमेल तसं सांगितलं. मुलाच्या आईची सासू तिला "तुझ्याकडूनच आलं" म्हणत होती, तिलाही बसवून बोलले. बहीण वाहक नाही हे कळलं तेव्हा अकरावा आठवडा संपत आला होता. ते चार आठवडे मला धड झोप नव्हती.

बाबांचं म्हणणं, निओनेटॉलॉजी (नवजात बाळांची शाखा) कर, चिपळूणला एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) टाक, गावाला उपयोग होईल. ते चुकीचं नाही, म्हणूनच गोंधळ आहे. डीएमची तीन वर्षं लखनौचं एसजीपीजीआय, हैदराबादचं निम्स किंवा दिल्लीचं एम्स, कुठेही काढायची तयारी आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे. मोठं हॉस्पिटल, फीटल मेडिसिन (गर्भाच्या तपासणी-उपचारांचं) सेंटर, लॅबमध्ये रिपोर्ट वाचणं, संशोधन, जे जे पर्याय ऐकते ते सगळे शहरात. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) खाली जेनेटिक कौन्सेलिंग सेंटरची नोंदणी करून, नमुने मुंबईला पाठवून, चिपळूण किंवा रत्नागिरीत बसून कुणी पूर्णवेळ हे काम करतंय का? पोट भरतं का, हेही स्पष्ट सांगा. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, मामाच्या मुलीशी झालेली लग्नं, पुन्हा पुन्हा होणारे गर्भपात, हे सगळं इथे आहेच. माणसं रात्रीच्या एसटीने परळला जातात आणि रिपोर्टचा अर्थ न कळता परत येतात.

अपडेट : प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दोघांनी सुचवलं की सुरुवातीला पीडियाट्रिक्सची प्रॅक्टिस आणि जेनेटिक्सची ओपीडी जोडीने चालवावी, शिवाय लॅबचे रिपोर्ट घरून वाचता येतात. हे बाबांनाही वाचून दाखवलं. पहिल्यांदाच त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. आता एकच विनंती. 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात केईएमला सेंटर ऑफ एक्सलन्स केलंय. थीसिस जमा झाल्यावर मला 15 दिवस सुट्टी मिळेल. तिथे किंवा मुंबईत दुसरीकडे जेनेटिक्सच्या ओपीडीत नुसतं बसून बघायला मिळण्यासाठी अर्ज कुणाच्या नावे करायचा, ते माहीत असलेल्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.