आबांच्या पिकअपची रास्त किंमत: घरच्या ग्रुपवरील चर्चा

दादा: सर्वांना नमस्कार. आबांची पिकअप विकायची हे आता नक्की झाले आहे, तेव्हा किंमत किती सांगायची हेही इथेच ठरवून टाकू. मी दोन दिवस जाहिराती पाहतो आहे. आपल्याच वर्षाच्या, म्हणजे २००७ च्या, त्याच मॉडेलच्या एका गाडीला चांगलीच मोठी रक्कम मागितली आहे. आपणही तिथूनच सुरुवात करावी आणि घासाघीस होईल तसे खाली यावे, असे मला वाटते. शिवाय गेल्या वर्षी क्लच नवा बसवला आणि बॅटरीही बदलली. तो सगळा खर्च किमतीत धरायला हवा.

ताई: दादा, ती जाहिरात मीही पाहिली आहे. ती अडीच महिने तशीच लटकते आहे. त्यावरून एवढेच समजते की त्या रकमेला ती गाडी विकली जात नाही. मागितलेली किंमत आणि हातात पडलेली किंमत यांत बरेच अंतर असते, म्हणून मी वेगळी वाट धरली. ज्या जाहिराती निघून गेल्या त्यांच्या विक्रेत्यांना फोन करून, गाडी शेवटी कितीला गेली, ते सरळ विचारले. निम्म्यांनी सांगितले नाही, पण काहींनी अगदी मोकळेपणाने सांगितले. गाडी विकून झाल्यावर माणसाला लपवण्यासारखे काही उरत नाही. त्यात लिलावातल्या दोन विक्री मिळवल्या आणि एकूण सात आकडे जमले.

खरे आकडे ग्रुपवर टाकू नयेत असे आबांनी बजावले आहे, म्हणून मधल्या विक्रीला १०० धरून बाकीच्या सांगते: ८२, ९१, ९६, १००, १०४, ११३ आणि १४८. यांची सरासरी जवळजवळ १०५ येते, पण ती मी बाजूला ठेवली आहे. त्या १४८ च्या गाडीचे इंजिन पूर्ण नवे बांधलेले होते आणि तिने एकटीनेच सरासरी वर ओढली आहे. आपला पाया १०० असावा.

दादा: बरे, १०० तर १००. त्यावर क्लचचे ९ आणि बॅटरीचे २ मिळवले की १११ होतात.

नाना: थोडे थांब. मी शनिवारी दोन तास गाडीजवळ होतो, त्याचा अहवाल आधी वाच. निवृत्तीपूर्वी अपघातातल्या गाड्यांचे मूल्यांकन हेच माझे काम होते, त्यामुळे सवयीने लांब लिहितो आहे.

सकाळी गेलो आणि आधी बॉनेटवर हात ठेवला; इंजिन पूर्ण थंड होते. गरम इंजिन कोणीही सुरू करून दाखवतो, खोड असेल तर ती थंड असतानाच कळते. सेल्फ एकाच दमात लागला, पांढरट धूर क्षणभर आला आणि विरला. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, तसा तो अजिबात नव्हता. इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण काढले आणि उलटे करून त्याच भोकावर नुसते ठेवले. ते थरथरले, पण उडाले नाही. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर खालच्या दाबाने ते बाजूला फेकले गेले असते. बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १४.१ दाखवते, म्हणजे डायनामोही ठीक आहे.

मीटरवर २,१४,००० किलोमीटर आहेत. अठरा वर्षांत वर्षाला बारा हजारांच्या आत पडतात. मीटर फिरवलेले नाही हे आपल्याला ठाऊक आहे, पण परक्याला कसे पटावे? मी क्लचच्या पेडलचे रबर पाहिले. त्याची उजवी कड पार गुळगुळीत झाली आहे, डाव्या कडेवर रेषा अजून शिल्लक आहेत, आणि चालकाच्या आसनाची दाराकडची बाजू दबलेली आहे. एवढ्या किलोमीटरांना एवढी झीज शोभते. पेडल झिजलेले आणि मीटर ऐंशी हजार दाखवत असते, तर मीच परत फिरलो असतो.

आता टायर. बाजूच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २००० पासून ही पद्धत चालू आहे. पुढच्या दोन्ही टायरांवर ३२१७ आहे, म्हणजे ते २०१७ च्या ऑगस्टमधले आहेत. खाचा अजून चार मिलिमीटर खोल आहेत, बऱ्याच देशांतली कायदेशीर मर्यादा १.६ आहे, त्यामुळे वरवर पाहणारा फसेल. पण कडेच्या रबरावर बारीक भेगांचे जाळे दिसते. कित्येक वाहन उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, आणि दहाच्या पुढे जाऊ नका असे टायर बनवणारेही म्हणतात. हे दोन लगेच बदलावे लागतील. मागचे चांगले आहेत.

पत्र्यावर चुंबक फिरवले. डाव्या दाराखाली हातभर पट्ट्यात ते चिकटले नाही, तिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचे लुकण, भरलेली आहे. (ही युक्ती पत्रा लोखंडी असेल तरच चालते, फोर्डच्या एफ-१५० चा पत्रा २०१५ च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनियमचा आहे, तिथे चुंबक घेऊन जाणाऱ्याचे हसे होईल.) लांबीचे मला विशेष वाटले नाही, ओझे वाहणाऱ्या गाडीच्या दाराला कोणी मोजत नाही.

खरी गोष्ट खाली आहे. चेसिसवर लहान हातोडीने ठोकत गेलो. सगळीकडे खणखणीत टणटण येत होती, पण डावीकडे मागच्या पाट्यांचे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचे, टोक जिथे अडकवलेले आहे, त्याच्या वर वीतभर भागात आवाज एकदम बोदा झाला. अंगठ्याच्या नखाएवढी खपली सुटून माझ्या चष्म्यावर पडली. चाकाने उडवलेला चिखल नेमका तिथे, वरच्या बाजूला साचतो आणि बाकीची गाडी वाळली तरी तिथे ओल राहते. ओझ्याचा सगळा भार त्याच जागेवर येतो. माझ्या मते याचे १८ वजा करावेत.

आणि क्लचबद्दल. दादा, गाडीला चालणारा क्लच असतो हे घेणारा गृहीतच धरतो. बंद पडलेली वस्तू चालू केली म्हणजे गाडी इतर गाड्यांच्या बरोबरीला आली, वर गेली नाही. तो पुढची काही वर्षे बदलावा लागणार नाही, एवढ्याचेच मोल मिळेल: ९ पैकी फार तर ३. बॅटरीचे काहीच नाही.

दादा: नाना, तुमचे बाकीचे पटले. पण चेसिसच्या गंजाला तारेच्या ब्रशने घासून वर काळा रंग मारला तर अर्ध्या दिवसाचे काम आहे. १८ कशाला सोडायचे?

वहिनी: ह्यांच्या या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. गंजावर रंग मारून ती गाडी आपण कोणाला तरी देणार, तो माणूस त्यात ओझे भरणार आणि बायकामुलांना शेजारी बसवणार. आपल्याला हे माहीत नसते तर गोष्ट वेगळी होती.

नाना: शिवाय ते साधणारही नाही. अठरा वर्षांच्या गाडीची चेसिस नवीकोरी काळी दिसली की जाणकार माणूस पहिली हातोडी तिथेच मारतो.

ताई: याच विषयावर अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांचेच उदाहरण घेऊन लिहिले होते, आणि पुढे २००१ मध्ये त्यांना विभागून नोबेल मिळाले. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा कोणतीही गाडी खराब असू शकते असे धरून कमी बोली लावतो, आणि त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायलाच येत नाही. आपण खोड स्वतःहून दाखवली तर घेणारा आपल्या मनातल्या भीतीचे पैसे कापणार नाही, फक्त दुरुस्तीचे कापेल.

आबा: सगळे वाचले. आता माझेही एक ऐका. उजव्या बाजूला त्याच जागी आतून पट्टी जोडलेली आहे. अकरा वर्षांपूर्वी लोखंडी सळ्या भरल्या होत्या, खड्ड्यात गाडी आदळली आणि चेसिसला चीर गेली. तुमच्या आजीला कळले असते तर तिने गाडीत बसणे सोडले असते, म्हणून मी कोणाला बोललो नाही. कामाचे बिल आणि त्या वेळचे दोन फोटो माझ्या वहीत आहेत. तेल किती किलोमीटरला बदलले, कोणता फिल्टर घातला, ते पहिल्या दिवसापासून त्याच वहीत लिहिलेले आहे.

नाना: आबा, त्या बाजूला मी हातोडी मारली तेव्हा आवाज अगदी भरीव आला होता, आणि मी खुशीने पुढे गेलो! तिथे दुहेरी लोखंड होते हे मला ओळखता आले नाही. आता गाडी लिफ्टवर चढवून पाहिल्याशिवाय माझ्या आकड्याला अर्थ नाही.

धाकटा: मध्येच बोलतो, क्षमा असावी. मी चार दिवस लिहू की नको असा विचार करत होतो. माझ्या नर्सरीच्या कामाला गाडी हवीच आहे. आबांची हरकत नसेल तर पिकअप मी घेईन. किंमत ठरेल ती देईन.

नाना: हे मला आत्ता, तुम्हा सगळ्यांबरोबरच कळते आहे. पण मी आता खरेदीदाराचा बाप झालो, तेव्हा माझे १८ रद्द समजा. ताईने दुसऱ्याकडून तपासणी करून घ्यावी आणि मी यापुढे आकड्यांबद्दल बोलणार नाही.

दादा: नाना, तुमच्यावर कोणाचा संशय नाही.

नाना: नसेलही. पण दहा वर्षांनी कोणी तरी आठवण काढेल.

ताई: काल गाडी लिफ्टवर चढवली. गॅरेज आपल्या ओळखीचे नव्हते, मुद्दामच. लेखी अंदाज मिळाला आहे. उजवीकडची पट्टी घट्ट आहे, वेल्डिंगला कुठेही तडा नाही. डावीकडे गंज आरपार गेलेला नाही, पण चाळीस सेंटिमीटर भाग कापून नवे लोखंड जोडावे लागेल. खर्च ११. काम उघडल्यावर गंज आणखी थोडा निघण्याची शक्यता धरून मी १४ वजा करते.

टायरांचा पूर्ण संच १४ चा आहे, दोन बदलायचे म्हणून ७. मागचे दोन अर्धे झिजलेले आहेत, पण त्या सात गाड्यांचेही टायर कमीअधिक तसेच असणार, म्हणून त्यांचे वेगळे काही कापलेले नाही. क्लचचे ३ मिळवले. आबांच्या वहीचे आणि एकाच मालकाचे ४ मिळवले. हे ४ कोणत्याही सूत्रातून आलेले नाहीत, ज्या सातांपैकी दोघांकडे नोंदी होत्या त्यांचे आकडे पाहून केलेला तो माझा अंदाज आहे. एकूण ८६. परक्याला विकायची तर ९२ सांगून ८६ ला द्यावी, असे मी म्हणेन.

दादा: आणि घरच्याला?

वहिनी: घरच्याला ८६ च का नाही? त्याच्याकडून कमी घेतले की उद्या गाडी बंद पडल्यावर त्याला तक्रार करता येणार नाही, आणि जास्त घेतले की आबांना झोप लागणार नाही. बाजारात जे मिळेल तेच घ्यावे.

ताई: वहिनी, बाजारात ८६ मिळवायला दोन महिने, पंधरा-वीस फोन आणि दर रविवारी कोणी तरी गाडी चालवून पाहणार, हे सगळे सोसावे लागते. तो त्रास घरच्या व्यवहारात दोघांचाही वाचतो. जुन्या गाड्यांचा व्यापारी आज गाडी नेऊन ७० देतो, हेही मी विचारून ठेवले आहे. धाकट्याला बाहेरून अशीच गाडी घ्यायची तर ८६ पडतील. आबांनी आज त्रासाशिवाय विकायची तर ७० मिळतील. मधले १६ हे वाचलेल्या त्रासाचे आहेत, ते अर्धे-अर्धे वाटून घ्यावेत. म्हणजे ७८.

दादा: हिशेब समजला. माझी हरकत नाही. पण हे परक्यासारखे वाटते खरे. आबा त्याला तशीच देऊन टाकतील असे मला वाटत होते.

आबा: देऊन टाकली असती तर तुला काय वाटले असते, ते तू इथे लिहिले नसतेस. ७८ ठीक आहे. धाकट्याला मला काही द्यावेसे वाटले तर ते मी वेगळे देईन, गाडीच्या किमतीत मिसळणार नाही.

धाकटा: आबा, मी मनात ८० धरून ठेवले होते. ८० च घ्या.

आबा: ताईने ७८ काढले आहेत. वरचे २ टायरांत घाल, आणि ते या आठवड्यातच बदल. डावीकडचे वेल्डिंग झाल्याशिवाय हौद्यात एक कुंडीसुद्धा ठेवायची नाही. नाव बदलून कागद हातात आले की चावी मिळेल, तोपर्यंत नाही. तुझ्याकडून कुठे काही झाले तर विचारणा नोंदणीतल्या मालकाकडे होते.

धाकटा: मान्य आहे. विसार म्हणून १० उद्याच देतो. आपल्या वहीत तशी नोंद करून ठेवा. एकच विचारायचे राहिले: हौद्यातली ताडपत्री आणि जॅक गाडीबरोबर येणार ना?

आबा: जॅक तुझा. ताडपत्री मी गेल्याच पावसाळ्यात घेतली आहे, तिचे ताईने काही धरलेले दिसत नाही.

ताई: ताडपत्रीचे मी खरोखरच काही धरलेले नाही.